शरीराची वेस : नाक, घसा आणि पडशाचे विषाणू

पावसाळा मध्यावर आला, की कोणत्याही शाळेच्या वर्गात एक ठरावीक मैफल सुरू होते. पुढच्या बाकावरून शिंक, मागच्या बाकावरून खोकला, मधूनच कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज आणि या सर्वांवर ताण म्हणून गुरुजींचा बसलेला घसा! औषध घेतले तर पडसे सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर आठवडा लागतो, ही थट्टाही आपण सर्वांनी ऐकलेली असते.

माणसाला सर्वांत अधिक वेळा होणारा आजार म्हणजे पडसे. मोठ्या माणसाला ते वर्षातून दोन-तीनदा होते, तर लहान मुलांना सहा ते आठ वेळाही होते. देवीसारखा भयंकर रोग माणसाने पृथ्वीवरून नाहीसा केला; १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीरही केले. मग हे क्षुल्लक पडसे का हटत नाही? आणि ते खरोखरच क्षुल्लक असते का?

या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर ज्या जागेत पडसे होते ती जागा आधी नीट पाहिली पाहिजे. ही जागा म्हणजे श्वसनमार्गाचा वरचा भाग. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही ती फार मौजेची आहे. म्हणून पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने या विषयाला हात घातला, तर जीवशास्त्राचे शिक्षक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

वेशीची रचना

जुन्या गावाला तटबंदी असे आणि आत शिरायला वेस असे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) शहरात माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा आजही उभे आहेत. वेशीवर पहारा असे. आत येणाऱ्याची तेथे तपासणी होई आणि नको असलेल्याला तेथेच अडवले जाई. आपल्या फुप्फुसांच्या गावाची वेस म्हणजे नाक, घसा आणि स्वरयंत्रापर्यंतचा मार्ग.

नाकपुडीतून आत गेले की प्रथम जाड केसांचे कुंपण लागते. त्यामागे दोन नासागुहा असतात. त्यांच्यामध्ये एक पडदा असतो. प्रत्येक गुहेच्या बाहेरच्या भिंतीवरून, शिंपल्यासारख्या वळलेल्या हाडांच्या तीन पातळ पट्ट्या आत डोकावतात. त्यांच्यामुळे हवेला सरळ मोकळा रस्ता मिळतच नाही. एक ते तीन मिलिमीटर रुंदीच्या अरुंद, वळणावळणाच्या फटींतून तिला जावे लागते. या सर्व पृष्ठभागावर ओलसर अस्तर असते. त्याला श्लेष्मल आवरण म्हणतात. दोन्ही नासागुहांतील त्याचे क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडेसे मोठे भरते.

नासागुहांच्या मागे घसा, म्हणजे ग्रसनी आहे. अन्नाचा आणि हवेचा रस्ता येथे काही अंतर एकत्र जातो. येथेच दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात. त्या पहारेकऱ्यांच्या चौक्याच म्हणा ना! घशाच्या वरच्या भागातून दोन बारीक नळ्या मध्यकर्णाकडे जातात. घाट चढताना कानांना दडे बसतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते या नळ्यांमुळे. कपाळाच्या व गालांच्या हाडांतील पोकळ्याही नाकातच उघडतात. पडशात कान का दुखतो आणि डोके जड का होते, याचे उत्तर या नकाशातच आहे. शेवटी स्वरयंत्र येते आणि तेथे वेस संपते. त्याखाली श्वासनाल, तिच्या फांद्या आणि फुप्फुसे असा आतला गाव आहे.

दिवसाला १०,८०० लिटर

आता थोडा हिशेब करू या. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा घेतो आणि मिनिटाला सुमारे १५ वेळा श्वास घेतो. म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर आणि दिवसाला १०,८०० लिटर, किंवा जवळजवळ ११ घनमीटर हवा झाली. ही हवा फुप्फुसांत पोचेपर्यंत ३७° से. तपमानाची आणि बाष्पाने पूर्ण संपृक्त झालेली असावी लागते. तशा हवेच्या एका घनमीटरात ४४ ग्रॅम बाष्प असते.

बाहेरची हवा कशी असते? डिसेंबरमधील नगरची पहाट घ्या. तपमान १०° से., गवतावर दव पडलेले, हवा अगदी संपृक्त. तरीही तिच्या एका घनमीटरात बाष्प असते अवघे ९ ग्रॅम! आता एप्रिलमधील रखरखीत दुपार घ्या. तपमान ३८° आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के. गणित केले तर येथेही उत्तर सुमारे ९ ग्रॅमच येते. एक हवा ओलीचिंब वाटते, दुसरी ओठ फोडते. पण नाकाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच कोरड्या. दोन्ही वेळी दर घनमीटरमागे ३५ ग्रॅम पाणी त्यात घालावेच लागते.

दिवसाचे हे पाणी पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास जाते. त्यातील सर्वांत मोठा वाटा नाक उचलते, उरलेला त्याखालचा मार्ग. पाण्याची वाफ करायला उष्णता लागते, हे आपण सुप्त उष्णतेच्या धड्यात शिकलो आहोत. एक ग्रॅम पाण्याला सुमारे २.४ किलोज्यूल धरले, तर ही उष्णता ९०० किलोज्यूल होते. एवढ्या उष्णतेत पावणेतीन लिटर पाणी २०° पासून उकळीपर्यंत तापवता येईल! ही सर्व उष्णता अस्तराखालच्या रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यातून येते. नाक काटकसरीही आहे. आत जाताना हवेने भिंतींना थंड केलेले असते. बाहेर पडणारा उबदार उच्छ्वास त्या थंड भिंतींवरून जातो आणि त्यातील काही बाष्पाचे पुन्हा पाणी होते. अशा रीतीने दिलेल्या पाण्याचा काही भाग नाक परत मिळवते. तोंडाने श्वास घेतला तर यातले फारसे काही साधत नाही. नाक चोंदलेल्या रात्रीनंतर सकाळी घशाला कोरड का पडते, हे आता सांगायला नको.

या उलाढालीचा परिणाम असा, की नाकाच्या आतले तपमान ३७° नसते. ते ३३° ते ३५° च्या घरात राहते. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

एक प्रयोग घरी करून पाहा. स्टीलचे थंड ताट किंवा आरसा नाकाखाली आडवा धरा आणि तोंड मिटून नाकाने हळूच श्वास सोडा. वाफेचे दोन डाग उमटतील. बहुधा ते सारखे नसतील. एक मोठा, एक लहान असेल. दर तासाने हाच प्रयोग करा. काही तासांनी लहान-मोठ्याची अदलाबदल झालेली आढळेल. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या आळीपाळीने फुगतात आणि एका बाजूचे अस्तर विश्रांती घेते. योगाभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. युरोपात कायझर या जर्मन वैद्याने १८९५ साली तिचे वर्णन केले.

न थांबणारा सरकता पट्टा

हवेबरोबर धूळ, परागकण, चुलीचा धूर, उसाच्या चिपाडांचा भुस्साही येतो. तो अडवण्याची युक्ती अगदी साधी आहे : जडत्व. करंजी घाटाच्या वळणावर सायकलवाला सहज वळतो, पण भरधाव निघालेल्या भरलेल्या ट्रकला वळणे अवघड जाते. तसेच नाकातल्या वळणांवर हवा वळते, पण जड कण सरळ जाऊन भिंतीवर आपटतात. सुमारे १० मायक्रॉनहून मोठे बहुतेक कण असे नाकातच अडकतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

भिंतीवर आपटलेला कण चिकटतो, कारण तेथे श्लेष्म्याचा थर असतो. श्लेष्मा म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत शेंबूड. शेंबूड म्हटले की आपण नाक मुरडतो. पण त्याची रचना पाहिली तर आदर वाटावा अशी आहे. त्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि बाकी चिकट प्रथिने व क्षार. त्याचे दोन थर असतात. खालचा पातळ, पाण्यासारखा. वरचा दाट आणि चिकट. खालच्या थरात असंख्य सूक्ष्म केस उभे असतात, त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर त्या सुमारे दोनशे असतात. प्रत्येकीची लांबी सहा-सात मायक्रॉन. त्या सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने फटकारा मारतात. वारा आला की शेतातल्या ज्वारीवरून लाट जाते ना, तशी लाट त्यांच्यावरून जाते आणि वरचा चिकट थर घशाकडे सरकत राहतो.

या पट्ट्याचा वेग मिनिटाला सुमारे ५ ते ६ मिलिमीटर असतो. डॉक्टर तो मोजतातही. नाकाच्या पुढच्या भागात सॅकरीनचा बारीक कण ठेवतात आणि घशात गोड चव लागायला किती वेळ लागतो ते पाहतात. निरोगी माणसाला साधारण दहा-पंधरा मिनिटे लागतात. (हा प्रयोग मात्र आपण घरी करायचा नाही.) घशात आलेला माल आपण नकळत गिळतो आणि जठरातले आम्ल त्याचा निकाल लावते.

श्लेष्म्यात जंतुनाशक द्रव्येही असतात. १९२१ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पडसे झाले होते. त्यांनी आपल्याच नाकातला शेंबूड जंतू वाढवण्याच्या बशीत टाकला आणि त्याभोवतीचे जंतू विरघळलेले त्यांना दिसले. या द्रव्याला त्यांनी 'लायसोझाइम' असे नाव दिले. पुढे १९२८ मध्ये पेनिसिलीन शोधणारे फ्लेमिंग ते हेच. म्हणजे प्रतिजैविकांच्या कथेचा एक धागा शेंबडापासूनच निघतो!

वेशीवर येणारे चोर

इतका कडक बंदोबस्त असूनही काही चोर आत शिरतात. ते म्हणजे विषाणू. विषाणू ही पेशी नव्हे. प्रथिनाच्या डबीत बंद केलेली आनुवंशिक द्रव्याची एक चिठ्ठी, एवढेच त्याचे स्वरूप. स्वतः खाणे, श्वास घेणे, वाढणे यांपैकी काहीही त्याला येत नाही. योग्य पेशीत शिरला की मात्र तो पेशीच्या कारखान्याला स्वतःच्या नकला छापायला लावतो.

पडशाचा मुख्य सूत्रधार ऱ्हायनोव्हायरस. ग्रीक भाषेत 'ऱ्हिस' म्हणजे नाक. त्याचा व्यास सुमारे ३० नॅनोमीटर असतो. मोजपट्टीवरच्या एका मिलिमीटरात असे तेहतीस हजार विषाणू ओळीने बसतील. याचा शोध १९५० नंतरच्या दशकात लागला. पण प्रयोगशाळेत तो नीट वाढेना. प्रयोगशाळांतील उबवणीची पेटी नेहमीप्रमाणे शरीराच्या ३७° तपमानावर ठेवलेली असे. इंग्लंडमध्ये सॉल्सबरी येथे १९४६ पासून खास पडशाच्या संशोधनासाठी एक केंद्र चालत असे. तेथील डेव्हिड टिरेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटीचे तपमान ३३° वर आणले आणि १९६० मध्ये अनेक विषाणू मिळवण्यात त्यांना यश आले. लक्षात ठेवायला सांगितलेला आकडा तो हाच. या विषाणूने आपले बस्तान नाकाच्या थंडाव्यातच बसवले आहे. म्हणूनच पडसे बहुधा नाकातच राहते, फुप्फुसांत उतरत नाही.

ऱ्हायनोव्हायरसचे १६० हून अधिक प्रकार आहेत. एकाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे दुसऱ्याला नीट ओळखत नाहीत. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. देवीचा विषाणू जवळजवळ एकरूप होता, म्हणून एक लस पुरली. पडशाला शेकडो तोंडे आहेत. मुलांना ती सगळी नवी असतात, म्हणून त्यांना वारंवार पडसे होते. आजी-आजोबांच्या शरीराला त्यांतील पुष्कळांची ओळख झालेली असते.

शिवाय हा एकटाच चोर नव्हे. ॲडिनोव्हायरस, पॅराइन्फ्ल्युएन्झा, तान्ह्या मुलांना विशेष त्रास देणारा आर.एस.व्ही., २००१ साली नेदरलँड्समध्ये सापडलेला मेटान्यूमोव्हायरस अशी मोठी टोळी आहे. साधे पडसे आणणारे चार कोरोनाविषाणूही त्यात आहेत. त्यांच्याच कुळातला एक अधिक घातक भाऊबंद २०१९ च्या अखेरीस चीनमध्ये प्रकटला आणि त्याने जगभर काय केले, ते आपण अनुभवले आहे. या टोळीतला सर्वांत जुना नामचीन दरोडेखोर म्हणजे इन्फ्ल्युएन्झा, अर्थात फ्ल्यू. तो तर दरवर्षी वेष बदलतो, त्यामुळे त्याच्यावरची लसही वेळोवेळी बदलावी लागते.

शिंतोड्यांचे गणित

हे विषाणू एका नाकातून दुसऱ्या नाकात जातात कसे? हात आणि हवा हे दोन रस्ते. आजाऱ्याने नाकाला हात लावला, तोच हात दाराच्या कडीला लागला, कडीचा हात आपल्या डोळ्याला किंवा नाकाला लागला, की झाले काम.

हवेचा रस्ता समजायला थोडे पदार्थविज्ञान लागते. शिंकेतून व खोकल्यातून, एवढेच काय साध्या बोलण्यातूनही, लहानमोठे हजारो थेंब उडतात. थेंब हवेतून खाली पडतो तेव्हा त्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम होय. दीड मीटर उंचीवरून सुटलेला १०० मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या थेंबाला आठ मिनिटे लागतात. आणि १ मायक्रॉनचा? स्तब्ध हवेत त्याला सुमारे चौदा तास लागतील! म्हणजे तो पडतच नाही. धुरासारखा तरंगत राहतो.

दुसरी गोष्ट सुकण्याची. लहान थेंब झटकन सुकतात आणि त्यांचा कोरडा गाभा विषाणूंसह हवेत उरतो. विल्यम वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये या दोन गोष्टींचा मेळ घातला. सुमारे १०० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब जमिनीवर पडण्यापूर्वीच सुकतात, असे त्याने दाखवले. पुढे पाठ्यपुस्तकांतून ही मर्यादा ५ मायक्रॉन अशी रुळली, आणि हवेत तरंगणाऱ्या कणांचे महत्त्व कमी लेखले गेले. कोविडच्या साथीत पदार्थवैज्ञानिकांनी व अभियंत्यांनी जुने कागद उकरून हा घोटाळा उघड केला. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवण्याचे महत्त्व या गणितात आहे. मोठा थेंब रुमाल अडवतो. तरंगणाऱ्या कणाला मात्र वारा हवा.

थंडी लागून सर्दी होते का?

'पावसात भिजलास, आता सर्दी होणार' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. सॉल्सबरीच्या केंद्रात याचीच परीक्षा घेतली गेली. काही स्वयंसेवकांना गरम पाण्याने अंघोळ घालून, ओल्या कपड्यांत वाऱ्याच्या बोळात कुडकुडत उभे केले. काहींना उबेत ठेवले. कुडकुडणाऱ्यांना अधिक पडसे झाले नाही. विषाणूच नसेल तर नुसत्या थंडीने पडसे होत नाही, हे निश्चित.

पण आजीचे म्हणणे पूर्णपणे मोडीतही काढता येत नाही. वेल्समधील कार्डिफ येथे २००५ साली काहींना थंड पाण्यात पाय बुडवून बसवले, तर पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यापैकी थोड्या अधिक जणांनी पडशाची तक्रार केली. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०१५ मध्ये उंदरांच्या पेशींवर प्रयोग झाले. ३७° च्या मानाने ३३° वर पेशींचा विषाणुविरोधी प्रतिकार मंद असल्याचे त्यांत दिसले. तेव्हा थंडी चोराला आणत नाही. पण चोर आधीच वेशीत लपलेला असेल, तर पहारेकऱ्याला पेंग आणत असावी.

युरोपात फ्ल्यूचा हंगाम हिवाळ्यात असतो. आपल्याकडे? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या (स्थापना १९५२) आणि इतर केंद्रांच्या पाहणीत असे आढळले, की पुण्यात व देशाच्या बऱ्याच भागांत फ्ल्यू पावसाळ्यात उसळतो. श्रीनगरमध्ये मात्र हिवाळ्यात. म्हणून परदेशी पुस्तकांतले ऋतुचक्र आपल्यावर जसेच्या तसे लादता येत नाही.

वेशीवरची लढाई

विषाणू पेशीत शिरला की पेशी धोक्याची घंटा वाजवते. इंटरफेरॉन नावाची द्रव्ये शेजारच्या पेशींना सावध करतात. त्यांचा शोध १९५७ मध्ये लागला. रक्तवाहिन्या रुंदावतात, अस्तर सुजते, म्हणून नाक चोंदते. पाणी सुटते, म्हणून नाक वाहते. मज्जातंतू चाळवतात, म्हणून शिंका येतात. मौज अशी, की पडशाची बहुतेक लक्षणे विषाणू घडवत नाही. ती आपल्या पहाऱ्याची धावपळ असते.

दोन-तीन दिवसांनी शेंबूड दाट, पिवळा किंवा हिरवट होतो. तो पाहून घरची मंडळी घाबरतात आणि 'आता भारी गोळ्या हव्यात' असे म्हणतात. हा हिरवा रंग जंतूंचा नव्हे. तो आपल्याच पांढऱ्या पेशींतील, लोह असलेल्या एका विकराचा आहे. लढाईत कामी आलेल्या शिपायांचा तो रंग! एकट्या रंगावरून प्रतिजैविक घ्यायचे कारण नाही. आठवडा-दहा दिवसांत नवी प्रतिपिंडे तयार होतात आणि वेस पुन्हा आपल्या ताब्यात येते.

वेस ओलांडली तर

लढाई वेशीवरच संपली तर पडसे खरेच क्षुल्लक. ती आत पोचली तर काय होते, हे नगर जिल्ह्याच्या शिरगणतीत नोंदलेले आहे. १९११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. १९२१ मध्ये ती साडेसात लाखांच्याही खाली आली. दर पाच माणसांमागे एक कमी!

याचे एक मोठे कारण १९१८ चा फ्ल्यू होते. जूनमध्ये तो मुंबईत दिसला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासून दुसरी उसळली आणि आगगाडीच्या रुळांवरून आत पसरली. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून नगरवरूनच जात होती. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. पोटाला अन्न नव्हते, काही लोक गाव सोडून गेले. प्लेगही अधूनमधून डोके वर काढीत होता. या सर्वांवर फ्ल्यूचा घाला पडला. भारतात या साथीत सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असे अंदाज आहेत. त्यांत वीस ते चाळीस वर्षे वयाचे धट्टेकट्टे लोक फार होते. १९११ ते १९२१ या दशकात साऱ्या देशाचीच लोकसंख्या घटली. असे दशक पुन्हा आले नाही.

फ्ल्यूने इतकी माणसे मेली कशी? त्या वेळच्या मृतांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने शास्त्रज्ञांनी २००८ च्या सुमारास पुन्हा तपासले. फ्ल्यूचा विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशी मारतो. पक्ष्माभिका गळून पडतात आणि सरकता पट्टा थांबतो. एरवी नाकाघशात पडून राहणारे जीवाणू मग बिनविरोध खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. बहुसंख्य बळी या न्यूमोनियाचे होते. विषाणूने पहारा उधळला आणि जीवाणूंनी गाव लुटला.

फ्ल्यूचा विषाणू माणसाच्या घशातून वेगळा केला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये. पेनिसिलीन हाताशी यायला आणखी दहा वर्षे लागली. १९१८ च्या डॉक्टरांपाशी यांतले काहीच नव्हते.

शस्त्र जपून वापरा

आज ते शस्त्र आपल्याकडे आहे. पण ते कोणावर चालते? पेनिसिलीन जीवाणूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालते. विषाणूला पेशीच नाही, मग भित्तिका कोठली? अन्य प्रतिजैविकेही जीवाणूंच्याच यंत्रणेवर नेम धरतात. तेव्हा साध्या पडशात प्रतिजैविक घेणे म्हणजे चोर पळून गेल्यावर गावकऱ्यांनाच झोडपणे. पोटातले उपयुक्त जीवाणू मरतात आणि जे चिवट असतील ते उरतात. त्यांचीच प्रजा वाढते. उद्या खरोखर न्यूमोनिया झाला, तर तेच औषध लागू पडेनासे होते. दुकानातून परभारे आणलेल्या दोन गोळ्या आज घेणारा माणूस १९१८ ची परिस्थिती थोडी थोडी परत आणत असतो. हे वाक्य कठोर वाटेल, पण ते खरे आहे.

मग करावे काय? विश्रांती घ्यावी, भरपूर पाणी व गरम पेय घ्यावे, कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात. हळदीचे दूध घशाला बरे वाटते, जरूर घ्यावे. वाफ घेताना उकळत्या पाण्याचे भांडे लहान मुलांजवळ ठेवू नये; भाजण्याचे अपघात होतात. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. श्वास फार जलद चालत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ताप तीन दिवसांत उतरत नसेल, कान फार दुखत असेल किंवा बरे वाटू लागून पुन्हा ताप चढला असेल, तर वेस ओलांडली जात असल्याची ती खूण समजावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. प्रतिजैविक द्यायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे. आणि दिले तर सांगितले तितके दिवस घ्यायचे.

हात साबणाने धुवावेत. फ्ल्यू आणि कोरोनाविषाणूंना चरबीचे आवरण असते, ते साबणाने फुटते. ऱ्हायनोव्हायरसला तसे आवरण नाही. पण चोळून धुतल्यावर तो पाण्याबरोबर निघून जातो. शिंक आली तर रुमालात किंवा कोपराच्या बाकात शिंकावे. ताप असताना शाळा बुडाली तर बुडू द्यावी. हजेरीच्या बक्षिसापेक्षा वर्गमित्रांच्या घरची म्हातारी माणसे अधिक मोलाची आहेत.

एकट्याची वेस जशी असते, तशी गावाचीही असते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने ते दाखवून दिले. पाणलोटाच्या कामासाठी हे गाव आधीच प्रसिद्ध होते. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे गावकऱ्यांची पथके घरोघर जाऊन ताप आणि रक्तातील प्राणवायू तपासू लागली. लक्षण दिसताच त्या माणसाला वेगळे ठेवले जाई आणि उपचार सुरू होत. मे महिन्याच्या मध्यापर्यंत गाव कोरोनामुक्त झाले. तेथे कोणते नवे यंत्र नव्हते. लवकर ओळखणे, वेगळे ठेवणे आणि एकमेकांची विचारपूस करणे, एवढेच. १९१८ मध्ये आपल्या पणजोबांच्या पिढीला विषाणू म्हणजे काय हे माहीत नव्हते. आपल्याला ते माहीत आहे. तेव्हा पुढच्या शिंकेच्या वेळी रुमाल काढा आणि वर्गाची एक खिडकी जास्त उघडा.